खात्रीची जागा

टोली, पोस्ट बपेरा
८ नोव्हेंबर २०२४

कामिनी बाई,

मामाचा आशीर्वाद घे, अर्धा जावईबापूले दे.

फोन करत जाऊ नको. भुपेंद्र फोन माह्या कानाले लावून देते, मी हो हो म्हणतो, अन् तू काय बोलली ते मले समजत नाही. मागच्या खेपेले तू मामीच्या गुडघ्याचं विचारलं अन् मी म्हटलं, विकून टाकला. मले वाटलं, तू गोऱ्ह्याचं विचारून राहिली. मामी अजून त्यावरून टोमणे मारते. म्हणून कागदावर लिहितो. सातवी पास आहो, पण अक्षर भुपेंद्रच्या बी.कॉम.पेक्षा बरं आहे.

यंदा तलावाचं पाणी भांडण न होता वाटून झालं. आपल्या धानाच्या बांधीले सगळ्यात शेवटी भेटलं, दरसाली भेटते तसं. मामीनं अबोला धरला. म्हणते, पाणीवाल्याची बांधी कोरडी अन् गाव ओलं. मी म्हटलं, आनंदाबाई, ज्या दिवशी मी पहिलं पाणी आपल्या बांधीत सोडीन, त्या दिवशी गाव माह्या हातातून गेटाची किल्ली काढून घेईन. अन् घ्यालेच पाहिजे. लवकर येणारा हलका धान कापून झाला, भारी उभा आहे. तुह्यासाठी तांदूळ काढून ठेवला.

आता मुद्द्याची गोष्ट. गावातले पोट्टे फोनात कायतरी नाणं घेऊन राहिले. नाणं म्हणतात अन् ते दिसत नाही, वाजत नाही, खिशात जात नाही. ताराचंदले फोनातच कोणी नागपूरचा सर भेटला, त्यानं पैसे घेतले अन् फोन बंद करून बसला. भुपेंद्र म्हणते, बाबा, आपली कामिनीताई जवाहरनगरात याचाच गट चालवते, लोक तिले विचारूनच पाऊल टाकतात, तिले बोलवा. मले त हा सट्टा वाटते. पण तू सट्ट्यातली पोरगी नाही, म्हणून विचारतो. हे आहे तरी काय? अन् तू त्यात कायले पडली?

तुझा मामा
वासुदेवराव

*

जवाहरनगर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. मामाजी,

तुमच्या आणि मामींच्या पाया पडते. गोऱ्हा विकला हे मला त्या फोनवरच कळलं होतं, फक्त तो कुठल्या प्रश्नाला आहे ते कळत नव्हतं.

मी यात कशी पडले ते सांगते. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये रिता राहते. तिलाही ताराचंदसारखाच एक सर भेटला. रोज सकाळी सुविचार पाठवायचा, तिच्या मुलीच्या तापाची चौकशी करायचा, आणि मध्येच सांगायचा की अमुक नाणं घ्या. तिनं घेतलं. ते नाणं जगात कुठं नव्हतंच, फक्त त्याच्या अ‍ॅपमध्ये होतं. ती माझ्याकडे येऊन रडली, कारण मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि तिला वाटलं, हिला तरी समजत असेल. मलाही समजत नव्हतं, मामाजी. मी शिकले. वाचलं, विचारलं, थोडंसं स्वतः घेऊन पाहिलं. मग रिता आणखी दोघींना घेऊन आली. असं करत करत माझ्या समोरच्या खोलीत गट उभा राहिला. नाव ठेवलं, ‘आधी विचारा’.

आमच्या गटात कोणी कोणाला घे म्हणत नाही, विक म्हणत नाही. कोणी सल्ला द्यायला आलं की आम्ही एकच प्रश्न विचारतो. यात तुझं काय? एकदा एक रिटायर काका मोठ्या आवाजात नवं नाणं सांगायला लागले. गटातल्या गुलाबबाईंनी चहाचा कप पुढं करत विचारलं, काका, यात तुमचं काय? काका चहा तसाच ठेवून उठले. तेव्हापासून लोक आमच्यावर विश्वास ठेवतात. कारखान्यातले लोक ड्यूटीवरून परतताना थांबून विचारून जातात.

हा सट्टा नाही असं मी म्हणणार नाही. यात पैसे बुडतात. जे बुडालं तरी चालेल तेवढंच घालावं, हे मी सगळ्यात आधी सांगते. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. या नाण्याला बँक नाही, पासबुक नाही, मॅनेजर नाही. फोनमध्ये नाण्याचं पाकीट उघडलं की बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते बारा शब्द ज्याच्याकडे, नाणं त्याचं. म्हणून ते फोनमध्ये ठेवायचे नाहीत. कागदावर लिहायचे, कोणालाही दाखवायचे नाहीत आणि खात्रीच्या जागी ठेवायचे.

भुपेंद्रनं आठवण काढली, बरं वाटलं. मी येते. तुम्ही फक्त लोकांना या म्हणा. तुम्ही म्हटलं तर येतील, माझ्या नावानं कोण येणार?

तुमची
कामिनी

*

टोली
१० डिसेंबर २०२४

कामिनी बाई,

तू गेल्यापासून गावात तुझंच नाव आहे. बाई असून तलावाच्या पाळीवर उभी राहून इतकं बोलली अन् कोणी उठून गेलं नाही, असं मी पाहिलं नाही. मले अर्धंच ऐकू आलं, पण लोकाइचे चेहरे पाहून राहिलो होतो. तुझी माय असती त आज तिनं गावभर साखर वाटली असती.

पोट्ट्याइनं तुझं सारं ऐकलं. तू गेल्यावर भुपेंद्रनं सगळ्याइले पाकीट उघडून देलं. इंग्रजी शब्द कोणाले वाचता येत नाही, म्हणून त्यानं एकेकाचे वाचून दाखवले अन् गुड्डीनं कागदावर उतरवले. सुनेचं अक्षर मोत्यासारखं आहे. हसून हसून पोटं दुखली. ताराचंदच्या शब्दात बकरी निघाली, तवापासून सारे त्याले बकरीवाला म्हणून राहिले. सुंदरबाईच्या पोराच्या शब्दात लिंबू अन् खुर्ची.

मंग खरी मजा झाली. तू म्हटलं होतं ना, खात्रीच्या जागी ठेवा? दुसऱ्या दिवशी सकाळी ताराचंद आला अन् म्हणे, मामाजी, हा कागद तुमच्याजवळ राहू द्या. मंग एकामागं एक सारेच आले. त्याइचं बरोबर आहे. या गावात खात्रीची जागा कोणती? तलावाच्या गेटाची किल्ली ज्याच्या घरी, गावाच्या ठेवी त्याच्या घरी, हे तुह्या आजोबापासून चालत आलं आहे. हैदराबादले कामाले जाणारे घराची किल्ली माह्याजवळ ठेवतात, सुंदरबाईनं सुनेचं डोरलं ठेवलं आहे. आता त्यात तुझी नाणी आली. पितळी डबा आहे ना देवाजवळचा, त्यात ठेवले. भुपेंद्रनं त्या कागदाइच्या घड्या करून वर एकेकाचं नाव टाकलं. पोट्टा कधी नव्हे तो घरच्या कामात लक्ष देऊन राहिला, त्यासाठीही तुझेच उपकार.

तांदूळ एस.टी.नं पाठवतो. भात शिजताना झाकण काढू नको, वास निघून जाते म्हणते मामी.

तुझा मामा

*

जवाहरनगर
१९ डिसेंबर २०२४

ती. मामाजी,

तांदूळ मिळाला. मंगेश, तुमचा जावई, म्हणाला, मामाजींच्या तांदळाला भाजीची गरज नाही. मामींना सांगा.

मामाजी, एक काम लगेच करा. पितळी डब्यातले सगळे कागद ज्याचे त्याला परत द्या. आजच द्या. ही डोरल्यासारखी ठेव नाही. डोरलं डब्यात असलं तर डब्यातच असतं, कोणी नुसतं पाहिलं म्हणून जात नाही. हे शब्द कोणी नुसते पाहिले, वाचले, पाठ केले, तरी नाणं त्याचं झालं. कागद डब्यातच राहील आणि नाणं निघून जाईल, तुम्हाला कळणारही नाही. मी पाळीवर हे सांगितलं होतं, पण त्या वेळी नीट सांगता आलं नसेल. चूक माझी आहे.

एकमेकांचे शब्द मोठ्यानं वाचून हसायला नको होतं. आता ज्यांचे शब्द वाचले गेले त्यांनी नवं पाकीट उघडावं, नवे शब्द घ्यावेत, आणि ते स्वतःच उतरवावेत. इंग्रजी येत नसेल तर अक्षरं पाहून चित्र काढल्यासारखी काढावीत. घरातल्या कोणीही ते पाहू नयेत.

मी रविवारी आले असते, पण शिकवणीच्या मुलांची सराव परीक्षा आहे. कृपा करून हे करा.

तुमची
कामिनी

*

टोली
४ जानेवारी २०२५

कामिनीस,

तुझं पत्र भेटलं. दोन वेळा वाचलं. ‘घरातल्या कोणीही पाहू नये’ म्हणजे काय, ते समजावून सांग. माह्या घरात मी आहो, मामी आहे, भुपेंद्र आहे अन् पोटुशी सून आहे. यातला चोर कोण, नाव घेऊन लिही.

तुले वाटते कागद परत देणं सोपं आहे. तू वरठीत वाढली, तुले इथली रीत माहीत नाही. या गावात ठेव मागितल्याशिवाय परत करत नाही. न मागता परत केली, त्याचा अर्थ होते की बापा, तुझा माझा संबंध संपला, उद्यापासून माह्या दारात येऊ नको. माह्या बापानं जन्मात एकदाच एकाची ठेव न मागता परत केली होती. त्याचे नातू अजून आमच्याकडं लग्नाले येत नाहीत. अन् तू म्हणते साऱ्या गावाले एका दिवसात परत कर. मी काय मेलो का?

तरी तुह्या शब्दासाठी भुपेंद्रले विचारलं. तो म्हणे, बाबा, ताईले भीती वाटते, आपला गट तिच्या गटापेक्षा मोठा होईन म्हणून. मी त्याले दटावलं. पण तुले खरं सांगतो, ते बोलणं माह्या मनातून गेलं नाही.

उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले, रोपं वर आली की रोवणी. थंडी खूप आहे.

वासुदेवराव

*

जवाहरनगर
१५ जानेवारी २०२५

ती. मामाजी,

तुमचं मन दुखावलं, माफ करा. मी कोणाचं नाव घेतलं नाही आणि घेणार नाही. भुपेंद्र माझ्या पाठचा. संक्रांतीला माझ्यासाठी बोरं घेऊन सायकलनं वरठीला यायचा. त्याच्यावर मी संशय घेईन का? ठेवीची रीत मला खरंच माहीत नव्हती. आईनं कधी सांगितली नाही.

गटात कोणी असं वागलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. तिथं मी ओळखपाळख पाहत नाही, कोणीही असो, यात तुझं काय, हे विचारते. पण घरच्या माणसाला कोण विचारतं, मामाजी? घरच्यांना विचारायला लागलो तर घर कसलं. राहू द्या कागद. फक्त डब्याला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्या कमरेला ठेवा, एवढं ऐका.

एक आनंदाची बातमी आहे. महिला दिनाला वरठीच्या बचत गटांनी मला बोलायला बोलावलं आहे. रिता म्हणते, आता तुझा फोटो बॅनरवर येणार. तिनं शेवटी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, तोही गटात आला. मामाजी, माणसं अशी एकमेकांच्या भरवशावर उभी राहतात ना, ते पाहून मला खरंच भरून येतं.

मामींना गुडघ्याला तेल पाठवते. गुड्डीची काळजी घ्या.

तुमची
कामिनी

*

टोली
२६ मार्च २०२५

कामिनी बाई,

सारं गेलं.

सोमवारी ताराचंद तोंड पांढरं करून आला. त्याच्या फोनात पाकीट रिकामं. मंग सुंदरबाईचा पोरगा आला. सांज होईपर्यंत अंगण भरलं. साऱ्याइचे रिकामे. मी डबा उघडला, कागद जसेच्या तसे होते, घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. कोणी शिवी देली नाही, कोणी ओरडलं नाही. एकेकजण आला, आपला कागद मागितला, घेतला अन् गेला. तुले समजते ना त्याचा अर्थ? त्याइनं मागून घेतले, म्हणजे माह्या घरावरचा भरवसा उठला. शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडाले तलावावर गेलो. पाळीवर बसलेले लोक मागून उठले. इतक्या वर्षांत मी पाणी वाटत असताना कोणी पाटाच्या शेवटापर्यंत मागं मागं पाहत आलं नाही. काल आले.

तुझं नाणंच खोटं आहे. जे दिसत नाही ते जाईनच. वारा मुठीत धरता येते का? मी पहिल्याच पत्रात सांगितलं होतं.

भुपेंद्र घरी नाही. बालाघाटकडं काम पाहाले गेला, हे होण्याच्या आधीच गेला. गुड्डी जेवत नाही.

वासुदेवराव

*

जवाहरनगर
२ एप्रिल २०२५

ती. मामाजी,

हे पत्र कसं लिहू समजत नाही. पण आता गोड बोलून भागणार नाही.

तुम्ही म्हणता नाणं दिसत नाही. नाणं दिसत नसेल, पण त्याचा माग दिसतो. कुठल्या पाकिटातून निघालं आणि कुठल्या पाकिटात गेलं, हे जगातल्या कोणालाही पाहता येतं. त्या पाकिटावर माणसाचं नाव नसतं, एवढंच. ताराचंदनं मला त्याच्या पाकिटाचा पत्ता पाठवला, इतरांनीही पाठवले. मी माग काढला. टोलीतल्या सगळ्यांचं नाणं एकाच दुपारी एकाच पाकिटात गेलं आहे. आमच्या गटातल्या कोणाचं काहीच गेलं नाही. नाण्यात खोट असती तर सगळ्यांचं गेलं असतं. मामाजी, ज्यानं हे केलं त्याला टोलीतल्या प्रत्येकाचे बारा शब्द माहीत होते.

ते शब्द कोणी वाचले, कोणी घड्या घातल्या, हे तुमच्याच पत्रात आहे. मी नाव लिहीत नाही. तुम्हाला ते लिहून सांगायची गरज नाही.

आता माझ्यावर काय आलं आहे ते ऐका. टोलीच्या लोकांनी तक्रार केली, त्यात पहिलं नाव माझं आहे. शब्द कागदावर लिहा असं सांगायला बाहेरून एक बाई आली आणि नंतर पाकिटं रिकामी झाली. कोणालाही हेच वाटेल. पोलीस काल क्वार्टरवर येऊन गेले. सगळी कॉलनी दारात उभी राहून पाहत होती. मंगेशला साहेबांनी बोलावून विचारलं. केंद्र सरकारची नोकरी आहे, बायकोचं नाव अशा प्रकरणात आलं की माणूस संपतो. तो माझ्याकडे न पाहता जेवतो आणि ड्यूटीवर जातो. आणि गट? ज्या बायका माझ्या एका शब्दावर थांबायच्या, त्या आता मला पाहून रस्ता बदलतात. परवा गुलाबबाईंनीच मला तोंडावर विचारलं, कामिनी, टोलीत गेलीस, त्यात तुझं काय होतं?

पोलीस तुमचा जबाब घ्यायला येतील. तुम्ही कोणाला चोर म्हणू नका. जे पाहिलं तेवढंच सांगा. कामिनी एकदाच आली होती, तिनं एकाचेही शब्द पाहिले नाहीत, ते तुमच्या घरी वाचले गेले आणि तुमच्या घरी राहिले. बस. तालुक्यात तुमचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. माझं सगळं आता त्या एका वाक्यावर आहे.

तुमची
कामिनी

*

टोली
१३ एप्रिल २०२५

कामिनीस,

पोलीस येऊन गेले. जबाब झाला. तब्येत सांभाळ.

लोक पुन्हा अंगणात येऊन बसाले लागले. गुड्डीले मुलगा झाला. दोघं बरे आहेत.

वासुदेवराव

*

जवाहरनगर
२९ एप्रिल २०२५

मामाजी,

काल मला ठाण्यात तुमचा जबाब वाचून दाखवला. ‘शब्द लिहून ठेवायला कामिनीनं सांगितलं. ती सगळ्यांच्या मधून फिरून कागद पाहत होती. माझ्या मुलाला यातलं काही समजत नाही.’ खाली तुमची सही आहे. मोठी, सरळ, तुमच्या पत्रांवर असते तशीच.

मी म्हटलं, हे खोटं आहे. ते साहेब म्हणाले, बाई, आम्ही त्या गावात चार जणांना विचारलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, वासुदेवराव स्वतःच्या बांधीला शेवटी पाणी देणारा माणूस आहे, तो खोटं बोलणार नाही. मीही दहा वेळा तेच सांगत आले आहे.

गट बंद झाला. कोणी भांडलं नाही. एकेकीनं गटातून नाव काढून घेतलं. रिता तेवढी येते, तीही अंधार पडल्यावर, कोणी पाहू नये म्हणून. शिकवणीची मुलं गेली. मंगेशची बदली होणार असं ऐकते.

मी लोकांना शिकवत होते, सल्ला देणाऱ्याला आधी विचारा. आणि मी तुमच्या पत्रावर माझ्या घरच्या माणसाला एक प्रश्न विचारायला घाबरले. उलट तुमचीच माफी मागितली. तुमचा राग खरा वाटला मला. आता विचारते. मला तुमची माफी नको, आशीर्वाद नको, तांदूळ नको. फक्त उत्तर पाहिजे. काहून, मामाजी? काहून असं केलं? यात तुमचं काय होतं?

कामिनी

*

टोली
१८ मे २०२५

कामिनी,

तुले बाई म्हणाचा हक्क गेला, म्हणून नुसतं नाव लिहितो.

उत्तर मागितलं, देतो. पोलीस येण्याच्या आदल्या दुपारी भुपेंद्र आला. जेवला. मी काहीच विचारलं नाही. हात धुताना म्हणे, बाबा, तुम्ही नाव घेतलं त मी आत जाईन अन् पोट्टं मले तुरुंगात पाहीन. तो असं बोलला, तवाच मले सारं समजलं. खरं सांगू? त्याच्याही आधी समजलं होतं. कागद परत द्या म्हणून तुझं थंडीतलं पत्र आलं, तवाच. राग त्याचाच आला होता, काढला तुह्यावर.

दुसऱ्या दिवशी पोलिसानं विचारलं, कोणी लिहाले सांगितलं? मी म्हटलं, कामिनीनं. ते खरं आहे. मंग विचारलं, कोणी पाहिले? मी म्हटलं, तिनं. ते खोटं आहे. दोन्ही वाक्यं मी एकाच आवाजात बोललो. मामी आत उभी होती, ती तवापासून माह्या ताटात वाढते पण माह्यासमोर बसत नाही.

यात माझं काय, म्हणते तू. पोरगा. दुसरं काय राहते माणसाचं? जन्मभर पाणी वाटलं अन् आपली बांधी शेवटी ठेवली. लोक म्हणत, वासुदेवराव न्यायाचा माणूस. पण धानाच्या बांधीले शेवटी पाणी देणं सोपं असते. एखाद्या साली धान वाळला त पुढच्या साली येते. या खेपेले पहिलं पाणी मी आपल्या बांधीत सोडलं. तुझी बांधी वाळली. मले दिसून राहिली, मी पाट बंद केला नाही.

हे पत्र तू ठाण्यात नेऊन दाखवू शकते. अक्षर माझंच आहे. पण नेलं त मी म्हणीन, हे मी लिहिलं नाही. अन् कामिनी, लोक माझंच मानतील. तुलेही माहीत आहे. मले जबाबाची लाज वाटली नाही तेवढी या गोष्टीची वाटते, की माह्या खोट्याले गावात अजून खऱ्याची किंमत आहे. तुह्या खऱ्याले नाही.

भुपेंद्र बालाघाटकडंच आहे. पैसे पाठवले होते, मामीनं हात लावला नाही. गेटाची किल्ली द्याले मी पंचायतीत गेलो होतो, कोणी घेतली नाही. म्हणे, मामाजी, तुमच्याशिवाय कोण?

काल सकाळी ताराचंद आला. गेलेलं भरून काढाले बायको-लेकराइले घेऊन हैदराबादले चालला आहे, दोन वर्षं येणार नाही. दारात चप्पल काढून पाया पडला. म्हणे, मामाजी, त्या बाईनं बुडवलं आम्हाले, पण तुम्ही आहात. अन् घराची किल्ली पुढं केली. न घेणं म्हणजे ठेव न मागता परत करणंच, त्याचा अर्थ तुले मी लिहिला होता.

मी घेतली. देवाजवळच्या त्याच डब्यात ठेवली.

वासुदेवराव